पट्टी धरणारा

एकतीस वर्षं मी फक्त उभा राहिलो.
पाटबंधारे खात्यात माझं काम हेच:
लाल-काळ्या आकड्यांची चार मीटरची पट्टी
दोन्ही हातांनी सरळ धरायची,
आणि दुर्बिणीमागून साहेबांचा हात हलेपर्यंत
नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

जुनी दुर्बीण उलटं दाखवायची.
म्हणजे साहेबांच्या लेखी मी जन्मभर
डोकं खाली, पाय वर.

येवद्याकडची जमीन तुम्ही सपाट म्हणता.
तुरीच्या धसकटांतून दिवसभर चाललो,
काळ्या भेगांत पट्टीचं बूड अडकायचं,
विहिरीचं पाणी इतकं खारं की चूळही भरवेना,
आणि संध्याकाळी वहीत उतार निघाला
वीतभर.
बांधावरची गोकर्णाबाई हसली,
"एवढ्यासाठी अख्खा दिवस घातला काय रे बावा?
माह्या म्हशीले इचारलं असतं.
पानी कोनीकडे जाते
ते बसल्या जागी सांगते ते."

परतवाड्याच्या पुढे गोष्ट वेगळी.
धारखोऱ्यापासून रस्ता अंगावर येतो,
सागाची पानं मधे येतात,
वीस पावलं गेलं की पट्टी अपुरी,
उचला दुर्बीण, पुन्हा मांडा.
खाली आठवडाभरात जेवढं चढलो नाही
तेवढं इथं बिडी विझायच्या आत.

सेमाडोहच्या वर, एका ढाण्यात,
मुंग्या बेठेकरनं विचारलं, हा डोंगर किती उंच?
म्हटलं, समुद्रापासून मोजतात.
तो बराच वेळ कुटकीच्या वावराकडं बघत राहिला.
"समुद्र कोनी पाह्यला?
माह्या मायच्या उंबऱ्यापासून मोज."

साहेब जेवायला गेले होते.
मी पट्टी त्याच्या हातात दिली,
वर पाठवला,
आणि नोकरीत पहिल्यांदा
दुर्बिणीला डोळा लावला.

मुंग्या पाय वर करून हसत होता.
डोंगर आढ्याला टांगल्यासारखा,
झाडं खाली लोंबलेली,
आणि त्यांच्याखाली सगळं आभाळ,
येवद्याच्या शिवारासारखं
सपाट.

वहीत लिहिलं: बेठेकरच्या मायचा उंबरा, शून्य.
साहेबांनी हात पुसत पुसत
तांबड्या शाईनं खोडलं.

म्हातारीला ते कोणी सांगितलं नाही.
पुढच्या खेपेला गेलो तर
ती उंबऱ्यावर पाय न देता
लुगडं सावरून, अलगद,
ओलांडून आत जात होती.