शिट्टी

दोनदा तुटक फुंकली की कुणीतरी काठावर पळतंय.
लांब फुंकली की कुणीतरी बुडतंय.
झुलैखाबाईंसाठी कशी फुंकायची
हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
मी आपली मध्यम फुंकली.

त्या चौथ्या पट्ट्यात, पाठीवर, डोळे मिटून.
काळी बाही मनगटापर्यंत, काळी टोपी हनुवटीखाली.
शस्त्रक्रियेचे व्रण दिसत नव्हते,
पण पाय कसा हलतो त्यावरून मला कळतं.
डॉक्टरांनी लिहून दिलं होतं : पोहणे, आठवड्यातून तीनदा.
कपड्याचं चिठ्ठीवर काही नव्हतं.

ते आमच्या दारातल्या निळ्या फलकावर आहे.
अंगालगत. गुडघ्याच्या वर. कोपराच्या वर.
ढगळ चड्डीलाही बंदी, हेही सांगायला हवं;
मागच्याच शनिवारी एका पोस्टमनला मी परत पाठवलं.
तो हसला, यंत्रात नाणी टाकून चड्डी घेतली,
दहा मिनिटांत पाण्यात.
ते यंत्र झुलैखाबाईंना काय विकणार होतं?

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.
कठडा धरून एकेक पायरी चढल्या.
बाह्यांतून पाणी गळत राहिलं
शॉवरपर्यंत, बाकापर्यंत, दारापर्यंत.
ते मग मीच पुसलं.
कुणी घसरायला नको, असाही नियम आहे.

लेक सिरीन, सोळाची, लाल टू-पीसमधली,
केस पिळत माझ्यासमोर उभी राहिली :
"मी घालत नाही तसलं. आईनं कधी सांगितलंही नाही.
पण तुम्ही शिट्टी वाजवून काढायला लावणार असाल
तर उद्या मीच घालून येईन."
आली नाही.
ना तसं, ना असं.

तिकिटाच्या खिडकीत माहरुख असते, शिराझची.
मला वाटलं, ती तरी म्हणेल मी बरोबर केलं.
किंवा चूक. काहीतरी.
ती सुटे पैसे मोजत राहिली.
"तिकडे दोन बोटं केस दिसले म्हणून
एका बाईनं मला गाडीत कोंबलं होतं.
ते कापड पाहिलं की माझी मान अजून जळते.
त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला सांगू नकोस.
पण त्या बाईच्या गळ्यात शिट्टी होती का,
ते सकाळपासून आठवत बसलेय."
तेवढ्यात शाळेची सहल आली.
तिनं अठ्ठावीस तिकिटं फाडली.

रात्री नगरपालिकेत सभा. खुर्च्या कमी पडल्या.
दोन्हीकडचे लोक 'स्वातंत्र्य' म्हणत होते,
तोच शब्द, आलटून पालटून,
एकाच टॉवेलला अख्ख्या घरानं अंग पुसावं तसा.
मी मागे उभी होते.
मला कुणी विचारलं नाही,
आणि मी विचारायची वाट पाहिली
असंही म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर. किनाऱ्यावरचा आमचा मनोरा कुलुपात,
झेंडे गुंडाळून ठेवलेले.
कुत्र्याला फिरवायला गेले होते.
लांबवर पाण्यात एक काळी आकृती,
पाठीवर, डोळे मिटलेले असणार.
तिथला तळ दगाबाज आहे, वाळू एकदम संपते.
हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.
हाक मारावी, तर कोण म्हणून?
माझा आवाज त्यांना आधीच ठाऊक आहे.

मी बूट काढले, मोजे बुटात कोंबले,
घड्याळ पाहिलं, वाळूत बसले.
कोटाच्या खिशात हात गेला तर शिट्टी होती, गार.
उन्हाळ्यापासून तशीच राहिली असेल.

बावीस मिनिटं.
लांब फुंकायची वेळ आली नाही.
त्या बाहेर आल्या, कुडकुडत, गुडघा चोळत.
मला पाहिलं. ओळखलं.
टॉवेल झटकला,
आणि वाळू माझ्या डोळ्यांत गेली.
मुद्दाम, की वाऱ्यानं,
सांगता येत नाही.