काचेच्या आतली बाजू

रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढून
मी काचेच्या आत शिरते, अनवाणी.
नऊ फूट रुंद, साडेतीन फूट खोल.
राजारामपुरीत एवढीच जागा माझ्या हुकमाची,
तीही दर दीड महिन्याला मोडायची.

शेठ म्हणाले, कमी ठेवा.
कमी दिसलं की महाग वाटतं.
म्हणून एकच बॅग, काकवीच्या रंगाची,
नायलॉनच्या दोऱ्यावर अधांतरी,
जणू खांदा तेवढा उठून गेलाय.
खाली बाभळीची साल आणि मूठभर हिरडे,
वासासाठी.
काचेबाहेर वास जात नाही, ठाऊक आहे.

शेजारी कापशीचा जोड.
एक सरळ, एक उलटी:
तळ दिसावा,
चामड्याच्याच वादीने घातलेले टाके दिसावेत,
खिळा एकही नाही, हे कुणीतरी मोजून बघावं.

शेवंताबाई सातपुते वेण्यांचं बंडल द्यायला आल्या
सुभाषनगरातून, नातवाच्या मोटरसायकलवर.
पैसे मोजून कनवटीला लावले,
बाहेर गेल्या, काचेला कपाळ टेकवून बघितलं,
आणि शटरखालून वाकून पुन्हा आत.
"उलटी ठेवलीस व्हय गं? भांडणं लागतील दुकानात."
मावशी, खालचं काम दिसायला नको?
"कुणाला? पायाला म्हाईत हाय की."

हात घालून त्यांनी ती सरळ केली.
मग दिव्याकडे बोट.
"ह्यो बी वरनं नको.
वरनं समदं सारखंच दिसतंय,
रेग्झिन काय आन् म्हस काय.
चाळीस वर्सं दारात बसलो, मला ठावं न्हाई व्हय?"

दिवा सोडवून मी डावीकडे बांधला, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
बॅगेवर रंध्रं उगवली,
आणि एक ओरखडा,
म्हैस कधीतरी काटेरी कुंपणाला घासली असेल तेव्हाचा.
ती बाजू भिंतीकडे करा, असं शेठनी दोनदा सांगितलेलं.
मी ती रस्त्याकडे फिरवली.
सकाळी बघू.

तळासाठी आरसा लावून पाहिला, तिरका.
जमलं नाही.
टाके दिसेनात, फुटपाथच दिसायला लागला:
कुणाचे बूट, एक कुत्रं,
आणि मोटरसायकल सुरू होण्याची वाट बघणाऱ्या
दोन निळ्या रबरी स्लिपर.
आरसा काढला.
परत ठेवला.

किमतीची चिठ्ठी मी सगळ्यात शेवटी लावते,
मागच्या अंगाला, वाकल्याशिवाय दिसू नये अशी.
मावशी असताना लावलीच नव्हती.
मुद्दाम नव्हे. म्हणजे, मुद्दामच.

साडेअकराला काच पुसली, कोरड्या फडक्याने, आतून.
कपाळाचा तेलकट डाग तसाच राहिला.
तो बाहेरच्या बाजूला होता.