अर्धी नळी

सेमोनकाँगच्या बाजारातून
तीन मेंढ्या देऊन लिपुओनं आणलं हे शिंगरू.
पोट घागरीएवढं, बरगड्या मोजता येतील अशा,
शेपटीचं बूड भिंतीला घासून उघडं पडलेलं.

"सगळी नळी रिकामी कर," सासरा म्हणाला,
"जंत काय पाहुणे आहेत?"

ती बोलली नाही.
गेल्या थंडीतलं तांबडं शिंगरू:
सगळी नळी एका दमात,
मग रात्रभर लोळणं,
वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघणं.
सकाळी आतड्यात निघाला
मेलेल्या जंतांचा बोळा, पेंढ्यासारखा घट्ट.

म्हणून या वेळी आधी लीद,
डबीत भरून, दरी उतरून, डॉक्टरीणबाईंकडे.
मग शिवणकामाची फीत छातीभोवती.
वहीत: एकशे वीस किलो, अंदाजे.
औषध सौम्य, आणि तेही बाईंनी खूण केली तिथपर्यंतच.
"मेलेल्यांनाही," त्या म्हणाल्या होत्या,
"बाहेर पडायला वाट लागते."

तोंडातला घास तिनं बोटानं काढला,
नळी गालाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात.
हनुवटी वर धरून उभी राहिली.
घोंगडीवर हिम भुरभुरत होतं.
घशाखाली एक गाठ सरकली.
गिळलं.

दोन दिवस दगडी कुंपणातच. चराई बंद.
तिसऱ्या सकाळी लिदीत
पांढरे, पेन्सिलीएवढे, गुंतलेले.
तिनं सतरापर्यंत मोजले.
शिंगरू तिच्या घोंगडीचं टोक चघळत होतं.

सासऱ्यानं काठीनं लीद उलथली,
"निघाले म्हणायचे पाहुणे."

"सगळे नाहीत," ती म्हणाली,
आणि वहीत पुढची तारीख लिहिली.