पट्टीवरचे डोळे

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर, वरच्या पट्टीत,
घड्याळाच्या शेजारी दोन डोळे राहतात.
मुदस्सर होडेकरने बसवले.
आला होता प्रिंटर दुरुस्त करायला, तो काही झाला नाही.
"ताई, कंटाळा आला की बघा," म्हणाला
आणि दीडशे रुपये घेऊन गेला.

बाण नेईन तिकडे बुबुळं.
डिझेलच्या कोट्यावर नेला, तिकडे.
बर्फाच्या उधारीवर नेला, तिकडे.
बरोबर दोघांच्या मधोमध धरला
तर तिरळे होतात,
आणि मी, दोन मुलांची आई,
दुपारी तीन वाजता हर्णैच्या बंदरावर
एकटीच हसते.

माऊसला म्हावऱ्याचा वास लागलाय,
पुसून जात नाही.
त्यामुळे खिडकीतली बोकी माझ्या हाताकडे बघते,
डोळे बाणाकडे,
आणि मी लिलावाकडे, जिथे सुरमई
आजही दुसऱ्याच कुणाच्या टोपलीत चाललीय.

धाकू तांडेल पावती न्यायला येतो.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अजून समुद्राचा.
वाकतो. डावीकडे सरकून बघतो, उजवीकडे सरकून.
"बाय, ह्ये मना बगीत नाय."
नाही हो तांडेल, माणसं दिसत नाहीत त्यांना.
फक्त बाण.
"मंग ब्यांकेतल्या सायबावानी," म्हणतो,
बोटाला थुंकी लावून पावती दुमडतो.

ऑक्टोबरात वारा फिरला त्या रात्री
अडतीस बोटी बंदराला लागल्या. एक नाही.
मी यादी उघडली, नावापुढे खुणा करत गेले,
'नवलाई कृपा'पाशी बाण थांबला
आणि मी हात काढून घेतला.
वायरलेसवर नुसती खरखर.
बाहेर ओट्यावर बायका, कुणीच बोलत नव्हतं.
समोर सुवर्णदुर्ग आहे की नाही तेही कळत नव्हतं.
पडदा दर दहा मिनिटांनी विझायचा,
मी स्पेसबार दाबायचे, माऊसला हात लावत नव्हते.

डोळे तिथेच. खाली, डावीकडे,
सत्ताविसाव्या ओळीवर.
त्यांची पापणी लवत नाही.
मला माहीत आहे, तशी सोयच नाही त्यांच्यात.
तरी त्या रात्रीपुरतं बघण्याचं काम
मी त्यांच्यावर सोडलं होतं.
मला दोनदा डुलकी लागली.

सकाळी साडेनऊला जयगडहून फोन.
इंजिन बंद पडलेलं, दोर बांधून ओढून आणलं, सगळे बरे.
संध्याकाळी धाकू तांडेल दारात,
अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट,
आणि पहिला प्रश्न: सांडलेलं डिझेल
ह्या महिन्याच्या कोट्यात धरणार काय.

मी माऊस हलवला.
डोळे निघाले मागोमाग,
डिझेल, बर्फ, जाळी, थकबाकी,
जरा उशिराने.
कॉम्प्युटर जुना आहे.