शेरा : फलकलेखन सुबक

सराव पाठ क्रमांक नऊ. इयत्ता सातवी.
घटक : बल आणि गती.
सिंदेवाहीहून साडेनऊची बस,
पुढे दीड किलोमीटर धुऱ्याधुऱ्यानं,
काखेत गुंडाळलेला तक्ता, पर्समध्ये रंगीत खडू.

मी चेंडू वर फेकला,
कवेलूंना लागता लागता राहिला.
म्हटलं, सगळ्यात वर तो क्षणभर थांबतो, बघा,
तिथे त्याच्यावरचं बल शून्य.
आणि फळ्यावर शून्य काढलं, गोल गरगरीत,
डोर्लीकर सरांना आवडतं तसं.

मागच्या रांगेतला वंशील रामटेके
खिशातलं बोर चाचपत उठला :
"मॅडम, वरतं त्याले कोनी ओढतच नाही
तं मंग खाली याचं कसं समजते त्याले?"

मी म्हटलं, छान प्रश्न. खाली बस.
सरांनी घड्याळ पाहिलं.
पस्तीस मिनिटं झाली होती.

फलकलेखन सुबक. आवाज स्पष्ट.
विद्यार्थी-प्रतिसाद चांगला.
वीसपैकी सतरा.

रात्री होस्टेलची लाइट गेली.
मी पायमोज्यांचा गोळा करून
अंधारात वर फेकत राहिले.
दिसत नव्हता,
पण दर वेळी यायचा हातात,
न चुकता, न विचारता.

प्रणोतीला विचारलं. मग शेजारच्या खोलीत,
मग मेसमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात.
आम्ही अठरा जणी, पुढच्या जूनपासून शिकवणार.
चौदा म्हणाल्या : शून्य.
दोघी म्हणाल्या : हे पेपरात येत नाही.
एक झोपली होती.
आणि दामिनी गहाणे, जी कधी बोलत नाही,
ताट धुता धुता म्हणाली,
आई धान पाखडते ना,
सुपातले दाणे वर जाऊन थांबतात घडीभर.
थांबले म्हणजे सुटले थोडेच?

शून्य होतो तो वेग.
ओढ तिथंही तेवढीच,
हातात असताना होती तेवढी.
हे मला पाठ होतं, सूत्रासकट, दशांश चिन्हासकट.
बारावीत पूर्ण गुण मिळाले होते त्याचे.

टाचणवहीत शेऱ्याखाली जागा नव्हती.
समासात पेन्सिलीनं लिहिलं : वंशील, माझं चुकलं.

सोमवारी तीच शाळा, तोच वर्ग. घटक : ध्वनी.
ताट वाजवलं की ताट थरथरतं, हवा थरथरते,
इथवर येतं मला.
पण ताट इथं, हवाही इथलीच,
मग मागच्या रांगेपर्यंत
जातं ते काय?

तक्ता अजून कोरा आहे.