उखा, वंश नाही

सावद्याच्या वखारीत, केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर
भिलाने एक अख्खं राजघराणं वाढवलं.
सगळ्यात वर सूर्य गिळलेला हिरणपाल,
खाली त्याची सात लेकरं,
वारा त्यांना नावानिशी ओळखायचा.
एकीचं लग्न तापीशी लागलं.
एकाने झोपेत कूस बदलली, तर सातपुडा सरकला.
आणि पाचव्याच्या धाकट्या बायकोखाली,
पुठ्ठ्याला खिळ्याचं भोक होतं तिथे,
बारीक अक्षरात:
उखा. वंश नाही.

मी विचारलं, हा काय करतो?
युद्धात नाही, शापात नाही,
भाऊ भावासाठी विष कालवतो
तेव्हा दाराशीसुद्धा नाही.
भिला घडांचा काटा करत होता.
मान वर न करता म्हणाला,
तो शे. बस.

पुढे भिला ट्रकवर दिल्लीकडे गेला
आणि तिकडचाच झाला.
पुठ्ठे माझ्याकडे राहिले.

वैशाखात पत्रा तापला की
हिरणपालाचा घसा आठवतो.
पोटात सूर्य घेऊन माणूस रात्री कसा निजला असेल?
कुणीतरी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ
उशाशी ठेवला असणार,
दर तासाला उठून गोणपाट भिजवलं असणार.
पुठ्ठ्यावर त्याला जागा नव्हती.

परवा फोनवर सांगितलं हे सगळं.
मागे हॉर्न, कुणाची तरी शिवी.
भिला म्हणाला, कोण उखा?

शे एक, म्हणालो,
आणि माठाचं गोणपाट पुन्हा भिजवलं.