कौल

रस्ता जिथे संपतो तिथे एसटीला वळायला जागा नाही.
कंडक्टर खाली उतरतो, शिट्टीवर मागे घेतो गाडी,
आणि दरी गप्प उभी असते
मागच्या चाकापासून हातभर.

मग पायऱ्या. जांभ्याच्या, मध्ये झिजून ताटलीएवढ्या खोल.
मी दोनशे बारा मोजल्या.
कळशी घेऊन चढणारी मुलगी म्हणाली, एकशे नव्वद.
तिची आई म्हणाली, रिकाम्या हाताने असतील तेवढ्या,
टोपली भरली की तीनशे.

पतपेढीच्या कॅलेंडरवर मे महिन्यात होतं हे गाव.
जून उलटून गेला तरी मी पान उलटलं नाही,
इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात,
आणि कार्तिकात एकदाची निघाले.

कॅलेंडरात वास नव्हता.
इथे वलांडीवर बोंबील, चटईवर जवळा,
एकाचं अंगण दुसऱ्याच्या पन्हळीला टेकलेलं,
वरच्या घरातली खोकल्याची उबळ
खालच्या घरातल्या म्हाताऱ्याला पुरी करावी लागते.

हरेश्वर तांडेलने होडीतून नेलं खडकाच्या पलीकडे,
इंजिन बंद केलं.
'इथनं काढा. सगळे इथनंच काढतात.'
निळी भिंत, पिवळी भिंत, एक हिरवी,
कडा आणि कड्याला धरून राहिलेली घरं,
मधून पायऱ्यांची रेघ, वर देवळाचा कळस.
मी चाळीस फोटो काढले.
तो तेवढा वेळ दुसरीकडे बघत विडी ओढत होता.

संध्याकाळी लाडूबायच्या पडवीत.
ती मुशी चिरत होती. मी फोन पुढे केला.
पदराला हात पुसले, न पुसल्यासारखे,
आणि बघत राहिली.
मला वाटलं, म्हणेल, किती छान.

'पन्नास वरसं झाली लगीन होऊन.
या अंगानं गाव आज बघतंय मी.'

'होडीतून कधीच नाही?'

'बाईमाणूस बसली की मासळी रुसते म्हणायचे.
आता कोण म्हणत नाय.
आता गुडघे म्हणतात.'

मग नातवाने शिकवल्याप्रमाणे दोन बोटं फाकवली.
आभाळ गेलं. कळस गेला. निळी, पिवळी, हिरवी गेली.
माझं सगळं चित्र कडेकडेने सांडत गेलं
आणि उरलं एक छप्पर.
'हे बघ.'
दोन कौलांच्या मध्ये काळा ठिपका,
शेजारच्या फणसाआड, जिथे शिडीवरून नजर पोचत नाही.

'चार पावसाळे मी हिथं टोप ठेवतंय,'
तिने चुलीशेजारची जमीन दाखवली,
टोपाच्या बुडाएवढी फिकट.
'कुठनं गळतं, कोणाला गावेना.
देवीला कौल लावला. पाकळी उजवीकडं पडली.
म्हणजे घराला काय नाय, सगळं ठीक.'
सुरी पुन्हा हातात घेतली.
'तिला तरी कुठनं दिसायचं? ती पण बाईच.
होडीत कवा बसली?'

तेवढ्यात प्रणित आला, त्याला बसूच दिलं नाही.
काखेत नवं कौल घेऊन तो चढला,
आणि ही अंगणात, डोळ्यांजवळ माझा फोन धरून,
'डावीकडं. अजून. अरे मेल्या, ते नव्हे,
त्याच्या खालचं.'
वरच्या अंगणातल्या दोघी, खालच्या अंगणातले तिघे,
सगळे मान वर करून.
उजेड जाईपर्यंत गाव एका भोकाकडे बघत होतं
आणि पाठीमागे सूर्य बुडला तो
कोणीच बघितला नाही, मीसुद्धा.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले.
तिने बांधून दिलेलं सुकट
पिशवीच्या तळाशी, कपड्यांना लागू नये म्हणून
तीन कागदांत.
त्याचा वास दोन दिवसांत गेला.
फोनचा अजून जात नाही.
दुकानातून कॉल आला, कानाला लावला
की मुशी.